शकूकाकूंचा तास

पहाटे आमचं दार वाजलं तर दोनच शक्यता असतात. बिबट्या, नाही तर शकूकाकू. बिबट्या दार वाजवत नाही, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. मी उशीत तोंड खुपसते. आमचे हे कुशीवर वळून "तुझ्या आल्यात" म्हणतात, जणू काकूंना मी माहेराहून आणलंय. शेवटी मीच उठते, कडी काढते. दारात काकू उभ्या. डोक्याला माकडटोपी, साडीवर पुरुषी स्वेटर, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि काठीला बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरं.

"निजा बाई, निजा. मी काय बसायला न्हाई आले," असं म्हणत त्या आत येतात.

दारात आलेल्या माणसाला चहा विचारायची सवय हाडात मुरलेली असते. झोपेतसुद्धा माझ्या तोंडून "चहा टाकते" निघतंच. मग काकू तळहात पुढे करून मला जागच्या जागी थांबवतात.

"चहा नगं. माझा तास चालूय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही पिंपळवंडीच्या या वस्तीवर नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फळा, खडू आणि शेवटच्या बाकावरची मारामारी येते. मला वाटलं काकू निवृत्त शिक्षिका असाव्यात. मी आदराने विचारलं, "कुठला विषय?"

"गळ्याचा," काकू म्हणाल्या.

मग मला वाटलं संगीत. बरेच दिवस मी शाळेत सांगत होते की आमच्या शेजारी एक गाणाऱ्या बाई राहतात.

खरा प्रकार असा होता. काकूंना थायरॉईड. त्याची गोळी उजाडायच्या आत उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर तोंडात काही घालायचं नाही, चहा तर मुळीच नाही. काकू चहाच्या इतक्या नादी की स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यासमोर, तो तास काढणं त्यांना अशक्य. म्हणून त्या बाहेर पडतात आणि तास लोकांच्या घरी काढतात. हे कारण त्यांनीच सांगितलेलं आणि सगळ्या वस्तीने मानलेलं. लोकांच्या घरातसुद्धा चहाचे डबे असतात, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आमची वस्ती म्हणजे उसाच्या मधूनमधून पेरलेली सातआठ घरं. काकू आधी बबनभाऊंच्या गोठ्यावर जातात, कारण तिथे धारा काढायला माणसं उठलेलीच असतात. तिथे म्हशींची चौकशी करून, बबनभाऊंच्या सुनेला "गळा झाकून बस गं" असं बजावून त्या आमच्याकडे येतात. आणि येऊन बसतात, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. काकू बसत नाहीत. दोन वर्षांत मी त्यांना आमच्या घरात पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. टोपी काढत नाहीत, काठी ठेवत नाहीत, बुड टेकवलंच तर पाटाच्या कडेला.

पण हात मात्र थांबत नाहीत. मेथीची जुडी दिसली की निवडायला घेणार, अर्धी झाली की "हे असू द्या" म्हणून उठणार. वाटाण्याच्या शेंगा अर्ध्या सोलणार. दोरीवरचे कपडे काढून त्यातल्या अर्ध्यांच्या घड्या घालणार. मग ओट्यावरचे डबे उंचीने लावायला घेणार आणि हळदीच्या डब्यापर्यंत आल्यावर खिडकीशी जाऊन उभ्या राहणार. मी शाळेला निघते तेव्हा आमच्या घरातली सगळी कामं सुरू झालेली असतात आणि एकही संपलेलं नसतं. मी चिडते. मी मुळात चिडकीच आहे, शाळेत पोरं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

"काकू, एक काय ते पुरं करा ना," मी एकदा म्हणाले.

"आज मन जाग्यावर न्हाई, बाई," काकू म्हणाल्या. "भावकी उठलीय."

ही भावकी म्हणजेही आजारच. काकूंना ज्या डॉक्टरबाईंनी आजार समजावून सांगितला, त्या मूळच्या पुण्याच्या, दवाखाना नारायणगावला. ती हकिकत काकू मला इतक्यांदा सांगून चुकल्यात की मला तोंडपाठ आहे.

"डाक्टरीन बाई म्हनली, तुमच्या अंगातलं शिपाई तुमच्याच गळ्यातल्या गाठीवर उठल्यात. बाहेरचं कुनी न्हाई, आपलंच हाय. म्हनलं, म्हंजी भावकी. ती म्हनली, काय? म्हनलं, बाई, तुमी शहरातल्या, तुमाला न्हाई कळायचं. बांध कोरायला परका मानूस कशाला येईल? ती म्हनली, गोळी जन्मभर घ्यावी लागंल. म्हनलं, बरोबर हाय, भावकी मिटत न्हाई, नुसती गप ठिवायची."

मी दहा पुस्तकं वाचली असती तरी हा आजार मला यापेक्षा नीट कळला नसता. पण त्या शब्दाने घोळही बरेच झाले. एकदा बबनभाऊंकडे जुन्नरहून कुणी पाहुणे आले होते. काकूंचा चेहरा उतरलेला बघून त्यांनी आपुलकीने विचारलं, "काय मावशी, बरं न्हाई का?"

"काय सांगू, पावणं. भावकीचा लई ताप झालाय. गळ्याशी आलंय."

"मग मोजणी आणा की राव. एकदा मोजून घ्या, म्हणजे किरकिर नाय."

"आनली ना गेल्या महिन्यात. मानूस आला, रक्त काडून घेऊन गेला."

पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. जुन्नर तालुक्यात प्रकरणं या थराला गेली आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या रक्ताचा रिपोर्ट येतो तेव्हा काकू तो माझ्याकडून वाचून घेतात. त्यातला एक आकडा वर गेला की काकू थंड पडतात, आणि तो आकडा खाली आला की काकू वस्तीभर भिरभिरतात. हे उलटं गणित त्यांना अजिबात पटलेलं नाही. "त्यो वर गेला की मी खाली, मी वर आले की त्यो खाली. रहाटाच्या बादल्या हायेत नुसत्या," त्या म्हणतात. भिरभिरत्या दिवसांत त्या बोलत सुटतात. एका दमात टोमॅटोचा भाव, स्वतःच्या सुनेचा डाएट आणि ओझरच्या विघ्नहराच्या देवळात चपला कुठे सोडाव्यात. थंड दिवसांत मात्र त्या येतात आणि बोलत नाहीत. खिडकीशी उभ्या राहून बाहेरच्या अंधारात ऊस बघतात. विचारलं तर "काय न्हाई, उगंच" म्हणतात. वैशाखातसुद्धा स्वेटरच्या बाह्या तळहातापर्यंत ओढून घेतलेल्या असतात. मला त्यांच्या बडबडीचा राग यायचा, पण त्या गप्प दिवसांची भीती वाटायची. तशा दिवशी मी त्यांना मुद्दाम एखादी जुडी पुढे करायचे.

आता कोबीबद्दल सांगायलाच हवं. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की थायरॉईडवाल्याने कोबी खाऊ नये. डॉक्टरबाई म्हणाल्या, शिजवून थोडा खाल्ला तर काही बिघडत नाही. पण काकूंनी कोबीशी बोलणंच टाकलं. आमच्याकडे निम्मा तालुका कोबी पिकवतो. काकू कोबीच्या वावराच्या कडेने जाताना पदर नाकाला लावतात. बबनभाऊंनी वाट्याने केलेल्या काकूंच्याच रानात एका साली कोबी लावला, तर काकू महिनाभर स्वतःच्या शेतात लांबच्या वाटेने जात होत्या. लग्नाच्या पंगतीत त्या आधी कोशिंबीर बोटाने चाळतात आणि मग वाढप्याला विचारतात, "यात ती तर न्हाई ना?" नाव घेत नाहीत. वाढपी बिचारा दचकून इकडेतिकडे बघतो.

लग्नावरून आठवलं. आळेफाट्याला एका लग्नात आम्ही मिळून गेलो होतो. काकूंना सवय अशी की समोर बाई आली की त्यांची नजर थेट गळ्यावर. चेहरा नंतर. गळ्यात गाठ आहे का, सूज आहे का, हे त्या लांबून ताडतात. त्या लग्नात वरमाईच्या बहिणीने नवं गंठण घातलं होतं. काकू तिच्या गळ्याकडे टक लावून बघतायत म्हटल्यावर ती हळूहळू आमच्या बाजूला सरकली. पदर जरा मागे घेतला. मग हाताने गंठण पुढे धरून म्हणाली, "पुण्याहून केलंय."

"गंठण ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "गिळा."

"अं?"

"आवंढा गिळा. मला बघू द्या."

त्या बाईने घाबरून गिळला. काकूंनी मान तिरकी करून बघितलं आणि "सध्या काय न्हाई" असा निर्वाळा दिला. ती बाई नंतर सबंध लग्नात गळ्यावर हात ठेवून फिरत होती.

माझ्यावर तर हा प्रयोग रोज व्हायचा. "बाई, गिळा." मी गिळायचे. "तुमचं केस गळत्यात. चिडचिड करता. सकाळचं उठवत न्हाई तुमाला." मला सकाळचं उठवत नाही कारण तुम्ही उठवता, हे वाक्य मी आवंढ्याबरोबर कितीदा गिळलंय. पण त्या "एकदा रक्त दाखवा, माझ्यासंगं चला" म्हणून इतक्या मागे लागल्या की मी हो म्हणाले. त्याआधी मात्र बिबट्याचं प्रकरण उभं राहिलं.

बिबट्या आमच्याकडे नवा नाही. उसात राहतो, कुत्री नेतो, कधी वासरू. काकू त्याला पावणा म्हणतात. काठीची घुंगरं त्याच्यासाठीच. आणि नुसत्या घुंगरांवर त्यांचा भरवसा नाही, त्या वाटेने मोठ्याने त्याच्याशी बोलत येतात. "ए बाबा, बाजूला व्हय, बाईमानूस चाललंय." पण या पावसाळ्यानंतर पावण्याची मादी आणि दोन पिल्लं काकूंच्या घरामागच्या उसात दिसली. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली, उजाडायच्या आत कुणी एकट्याने बाहेर पडू नका. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काकूंनीही ऐकलं, आमच्या अंगणात उभ्या राहून, उजाडायच्या आत.

ही बातमी काकूंच्या मुलाला, संतोषला, कुणीतरी कळवली. संतोष चाकणला कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे, आईला रोज फोन करतो. त्याने स्वच्छ सांगितलं, "आई, तू पहाटे बाहेर पडलीस असं परत कानावर आलं तर घराला कुलूप घालून तुला इकडं आनीन. मंग बस वर सातव्या मजल्यावर."

काकू एकदा त्या सातव्या मजल्यावर राहून आल्या होत्या. तिथेही पहिल्याच पहाटे टोपी, स्वेटर चढवून त्यांनी समोरच्या घराची घंटी वाजवली. दार उघडलेल्या माणसाला "निजा, मी काय बसायला न्हाई आले" असं सांगून त्या आत निघाल्या, तर त्याने वॉचमनला फोन लावला. चौथ्या दिवशी काकू एसटीने परत. "लई मोठं घर हाय संतोषचं," त्या सांगत होत्या. "पन दारं सगळी बंद. मी तितं ऱ्हायले तर बाई, मरून जाईन." हे त्या हसत म्हणाल्या नव्हत्या, म्हणून मला आठवतं.

संतोषच्या दमानंतर काकू आठवडाभर आल्या नाहीत. मला झोप मिळाली. आठव्या दिवशी घुंगरं वाजली आणि मी कडी काढली. "कुनाला बोलू नका," काकू आत शिरताशिरता म्हणाल्या. "तास कुटंतरी काडाया तर पायजे ना?"

तर अशात आम्ही दोघी एका शुक्रवारी, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, माझ्या स्कूटीवर नारायणगावला डॉक्टरबाईंकडे गेलो. आधी माझा रिपोर्ट निघाला. सगळं व्यवस्थित. "तुम्हाला काही नाही, झोप पूर्ण घेत जा," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. मी सूचकपणे काकूंकडे बघितलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग खाली बघून, "मला वाटलं, तुमालाबी तास लागंल."

मला हसू आलं. माझं चांगलं निघालं म्हणून हिरमुसलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

मग काकूंचा रिपोर्ट. आकडा ठीक होता. डॉक्टरबाईंनी मनाचं विचारलं, झोपेचं विचारलं, चालणं होतं का विचारलं. आणि कागदावर लिहितालिहिता म्हणाल्या, "गोळी रात्रीची मानवली ना? मुलाला सांगा काळजी करू नको. तुम्ही संध्याकाळी लवकर जेवता, त्यामुळे झोपताना घेतलेली उत्तम. सकाळी आता उठल्या उठल्या चहा चालेल, तासाची भानगडच नाही."

मी काकूंकडे बघितलं. काकू भिंतीवरच्या गळ्याच्या चित्राकडे बघत होत्या.

"कधीपासून रात्री घेतात त्या?" मी विचारलं.

"पावसाळा संपला तेव्हापासून. मुलगाच घेऊन आला होता, बिबट्याचं काय ते सांगत होता."

म्हणजे दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, आणि या इतक्या दिवसांत रोज पहाटे आमच्या घरात उभं राहून, माझ्या हातातल्या पातेल्याकडे बघत, ही चहावेडी बाई "चहा नगं, माझा तास चालूय" म्हणत होती. तास नव्हताच.

आम्ही स्कूटीपाशी आलो. मी किल्ली लावली नाही. मला राग आला होता आणि तो कशाचा ते कळत नव्हतं.

"काकू, मग चहाला नाही का म्हणता रोज?"

काकूंनी आधी पदर नीट केला. मग पिशवीतून रिपोर्ट काढून परत आत घातला.

"चहा पेलं की उठावं लागतं, बाई," त्या म्हणाल्या. "चहा झाला की पावन्यानं निघायचं असतं. तास असला की थांबता येतं."

बाजूने उसाचा ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी आपणहून सांगितलं. काकूंचे मालक असताना सकाळचा चहा मालक करायचे. वस्तीवर सगळे हसायचे, बाप्या चुलीशी बसतो म्हणून. काकूंना गोळी सुरू झाली आणि तासाचा नियम लागला, तेव्हा मालकांनीही सकाळचा चहा पुढे ढकलला. उंबऱ्यात बसायचे, स्वेटर घालून. रानातली कामं, पोराचं लग्न, कुठली गाय आटली, काय वाटेल ते बोलायचे. मधूनच विचारायचे, "झाला का गं तुझा तास?" काकू म्हणायच्या, न्हाई अजून. कधीकधी झालेला असायचा तरी म्हणायच्या.

"त्ये गेलं आन तास तेवडा ऱ्हायला," काकू म्हणाल्या. "त्या टायमाला घरात बसले ना, बाई, की मन कुटंकुटं जातं. भलतंसलतं येतं मनात. आमची हीर हाय ना मागं, तिकडंच ध्यान लागतं. मंग टोपी घालायची आन निघायचं. त्यो बिबट्या परवडला."

मी त्यांचा हात धरला. भर रस्त्यात, नारायणगावात, मला रडू आलं. काकूंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "गिळा." मी गिळलं. "काय न्हाई," त्या म्हणाल्या. "चला."

मी मागे वळले, त्यांना परत आत नेलं आणि विहिरीचं डॉक्टरबाईंसमोर बोलायला लावलं. काकू तयार नव्हत्या, मी माझा शाळेतला आवाज काढला. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. आजारातही मन असं होतं, दुःखातही होतं, आणि यांचं दोन्ही आहे, म्हणाल्या. बोलून मन हलकं करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचा वार त्यांनी ठरवून दिला. आणि मला म्हणाल्या, सकाळी एकटं राहू देऊ नका.

संध्याकाळी संतोषचा फोन आला. काकूंचा नाही लागला तर तो मला करतो.

"बाई, रिपोर्ट काय म्हनतोय?"

रिपोर्ट सांगितला. आईचं मन बरं नाही, हेही सांगितलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या, पुढच्या वारी कुठे जायचंय, तेही. त्याने वार लिहून घेतला. मग म्हणाला, "मी येतो त्या वारी. बाई, एक खरं सांगा. आई पहाटं बाहेर पडत न्हाई ना आता? पडत असंल तर मी तिला घेऊनच जातो. तिचं बरंवाईट झालं तर मी काय करू?"

त्याचं चूक नव्हतं. मला सातवा मजला आठवला आणि बंद दारं आठवली. मी म्हणाले, "नाही पडत. उद्यापासून तर नक्कीच नाही पडणार."

"उद्यापासून म्हंजी?"

"म्हणजे मी बघते."

बोलून तर बसले. आमच्या ह्यांना सांगितलं, उद्या पहाटे काकू निघायच्या आत आपण तिकडे पोचायचं. ह्यांनी विचारलं, आपण म्हणजे कोण. मग बिबट्याचा विषय निघाला आणि ठरलं की गाडी काढायची. काकूंचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यासाठी पहाटे गाडी काढणारं जोडपं वस्तीने कधी पाहिलं नसेल. हे स्टिअरिंगवर जांभया देतायत, मी सगळे दिवे लावायला लावलेत, आणि वाटेत प्रत्येक बांधाला हॉर्न. बबनभाऊंची म्हैस दूध चोरून बसली, असं ते नंतर आठवडाभर सांगत होते.

आम्ही पोचलो तेव्हा काकूंचं दार नुकतंच उघडत होतं. टोपी, स्वेटर, बॅटरी, काठी. उजेडात डोळे बारीक करून त्या उभ्या राहिल्या.

"बाई? काय झालं? कुनाला घेऊन चाललाय?"

"कुणाला नाही. तुमच्याकडेच आलोय. निजा, आम्ही काय बसायला नाही आलो," म्हणत मी आत शिरले.

काकू माझ्या मागोमाग आत आल्या. काय करावं ते त्यांना सुचेना. मग हाडात मुरलेली सवय कामाला आली आणि त्या म्हणाल्या, "चहा टाकते." आणि लगेच थांबल्या.

"टाका. आज ऑफ तास आहे," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग चुलीकडे. मग हळूच म्हणाल्या, "दूध न्हाई घरात."

चारी बाजूंनी गोठे असलेल्या वस्तीवर, या घरात सकाळचं दूध येत नव्हतं. मालक गेल्यापासून येत नव्हतं. आमचे हे परत गाडीत बसले आणि हॉर्न वाजवत बबनभाऊंकडे दूध आणायला गेले. तिथे त्यांना म्हशीची माफी मागावी लागली, त्यामुळे चांगलाच वेळ लागला. आम्ही दोघी चहाची वाट बघत बसलो. काकू काय वाटेल ते बोलत होत्या. हिवाळी कांद्याचं, सुनेच्या डाएटचं, घाटघरच्या नणंदेकडच्या तांदळाचं. मी उंबऱ्याजवळ बसले होते, कारण वाऱ्याला तिथून आत यायला फट होती आणि काकूंना थंडी सोसत नाही.

दूध आलं. चहा झाला. चांगला झाला होता, आलं जरा जास्त. आम्ही तिघं तो बशीत ओतून प्यायलो. काकूंनी त्यांची बशी पुरती रिकामी केली, ओठ पुसले, आणि मग त्यांची नजर आमच्या कपांकडे गेली. कप रिकामे होते. काकू पटकन उठून उभ्या राहिल्या, पाहुण्यांना निरोप द्यायला माणूस राहतो तशा. चेहरा हसरा ठेवला होता.

हे उठू लागले. मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. कोपऱ्यात टोपलीत मेथीची जुडी होती. ती मी पुढे ओढली, मांडीवर घेतली आणि पहिली काडी मोडली.

काकू बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढून खुंटीला लावली. काठी दाराआड उभी केली. येऊन माझ्यासमोर, भिंतीला पाठ टेकून, बसल्या. त्यांचे केस इतके पांढरे आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर दिसायला लागलं तेव्हा जुडी अर्धी झाली होती. मी हात झटकले आणि उठले. शाळा होती.

"आन उरलेली?" काकूंनी विचारलं.

"ती असू द्या," मी म्हणाले. "ती उद्याची."